फक्कीची रेघ

पुण्याहून आलेल्या अनुपमा मॅडमनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "कोकिळाताई, लाकूड नेमकं कुठपर्यंत ओढलं की गाव जिंकतं?"

मी म्हटलं, "जब्बारचाचानं झाकण वाजवलं की जिंकतं."

त्या खळखळून हसल्या. मी विनोद केला नव्हता, पण पाहुण्या हसल्या म्हणून मीही हसले.

मी करंजवडीची सरपंच. लोणारहून येणारी एसटी जिथे तोंड फिरवून परत जाते, ते हे गाव. पुढे नाला आहे आणि नाल्यापलीकडे दरेगाव, जिल्हा जालना. ते माझं माहेर. तिथला सरपंच उत्तमराव माझा सख्खा मोठा भाऊ. माझी वरात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आली ती पायी, आणि माझी चप्पल नाल्यात वाहून गेली. आमची म्हातारी माणसं पलीकडे निघाली की अजून 'मोगलाईत जातो' म्हणतात. पूर्वी तिकडे निजामाचं राज्य होतं आणि इकडे इंग्रजांचं, मध्ये नाल्यावर नाका. कापडाचा तागा असो की मिठाची गोणी, नाक्यावरचं आडवं सागवानी लाकूड वर झाल्याशिवाय काही हलायचं नाही. निजामाचं राज्य भारतात विलीन झालं तेव्हा दोन्ही गावांनी मिळून ते लाकूड उखडलं. मिळून उखडलं, आणि ते कोणाच्या गावात नेऊन जाळायचं यावरून लगेच एकमेकांची डोकी फोडली. आमच्या लोकांना सुखसुद्धा मारामारीशिवाय पचत नाही.

लाकूड जळलं नाही. तेव्हापासून दर सतरा सप्टेंबरला, पलीकडचं झेंडावंदन आटोपलं की, ते नाल्याच्या मधोमध आणून ठेवतात आणि दोन्ही गावं ते आपल्याकडे ओढतात. लाथ चालते, बुक्की चालते, चावा चालतो. काठी, दगड आणि लोखंड चालत नाही. दात पडतात, बरगड्या मोडतात. कानाची पाळी गेलेली दोन माणसं आजही मिरवत हिंडतात. काठावर उभ्या राहून बायका आपापल्या माणसांना चेव आणतात. माझा नवरा एका टोकाला आणि भाऊ दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मी दोघांनाही सारख्याच शिव्या घालायची.

आणि काठावर बाजेवर बसलेले जब्बारचाचा. त्यांचे आजोबा निजामाच्या नोकरीत नाक्यावर जमादार होते. नाका गेला, राज्य गेलं, जमादार इथेच राहिले. लाकूडओढीचा निकाल त्या घराकडे कसा आला, कोणालाच ठाऊक नाही. मांडीवर बिर्याणीच्या देगेचं जाड पितळी झाकण घेऊन चाचा बसायचे आणि मनात आलं की ते दणदणा वाजवून ओरडायचे, "करंजवडीचं झालं," नाहीतर "मोगलाईचं झालं." झालं म्हणजे झालं. माणूस काही साधुसंत नव्हता. आठ दिवस आधीपासून दोन्ही गावांत पाहुणचार झोडायचा, डोळ्यांत सुरमा घालून ऐटीत फिरायचा, आणि कोणी निकालावर कुरकुर केली तर त्याच्या आजोबाचं काहीतरी लफडं चारचौघांत काढायचा. एका गावाला लागोपाठ दोन वर्षं त्यांनी कधी जिंकवलं नाही. हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लाकूड आमच्या काठाला टेकत आलं होतं, आम्ही जिंकणारच होतो, आणि माझा नवरा गोपाल घसरून त्याच्या खाली गेला. पाणी गुडघाभर, पण छातीवर ओंडका आणि ओंडक्यावर गर्दी. मला नुसता त्याचा हात दिसत होता, बोटं उघडत-मिटत होती. मी ओरडले, पण सगळेच ओरडत होते. तेवढ्यात झाकण वाजलं. "मोगलाईचं झालं." दोन्ही गावं थक्क होऊन थांबली आणि त्या थांबण्यातच गोपाल बाहेर आला, तोंडातून चिखल ओकत. संध्याकाळी मी चाचांकडे शिरा घेऊन गेले. ते म्हणाले, "लाकूड कुठं होतं ते मले काय माईत, बेटी. तुहा माणूस कुठं होता ते दिसलं." तेव्हापासून ईदला पहिली साडी त्यांच्या नजमुन्निसाचाचीकडून मला येते आणि दिवाळीचं पहिलं ताट माझ्याकडून तिला जातं.

तर अनुपमा मॅडम. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. त्या इतिहासाच्या, त्यांच्याबरोबर भूगोलाचा हरिओम, बोलीभाषेची प्राची आणि बाजारपेठांचा अभ्यास करणारा एक चष्मेवाला. राज्यं कागदावर एकत्र येतात, पण सरहद्दीवरची माणसं कशी एकत्र येतात, हा त्यांचा विषय. असंच काम त्यांनी युरोपात केलं होतं. तिथेही देशांमधले नाके रिकामे पडलेत म्हणे, लोक सकाळी दुसऱ्या देशात पाव आणायला जातात. मी म्हटलं, "आम्ही मोगलाईत सुना आणाले जातो." हे वाक्य प्राचीने लगेच टेप केलं. मॅडम एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "विलीनीकरण एका सहीने होत नाही, ताई. तुमच्याकडे ते दरवर्षी नव्याने होतं." मला ते इतकं आवडलं की मी ते ग्रामसभेत माझंच म्हणून ठोकून दिलं.

पण त्यांना मोजायचं होतं. कोणालाही विचारलं की लाकूड कुठे आलं म्हणजे जिंकलो, तर एक चिंचेकडे बोट दाखवायचा, दुसरा खडकाकडे, तिसरा नुसता हात हलवायचा. हरिओमने जुने नकाशे काढले, तीन पायांचं यंत्र लावलं, झुडपं तोडून सरहद्दीचे दगड शोधले. तेव्हा कळलं की नाल्याने मधल्या काळात कूस बदलली आहे. खरी सरहद्द पाण्यात नाहीच, ती आमच्या काठाच्या वाळूवरून जाते आणि पुढे चाचांच्या अंगणातून. लाकूडओढ वरून टिपायला आणलेल्या ड्रोनला दिसावी म्हणून त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारायची ठरली, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी.

मी विचारलं, "मॅडम, इतके दिवस रेघेशिवाय भागलं. आता कशाले?"

"फक्त मोजण्यापुरती, ताई. संध्याकाळी पुसून टाकू."

फक्कीची गोणी खांद्यावर घेऊन पुढे होता माझाच कुलदीप. माझा एकुलता एक. खामगावला जिनिंगमध्ये कामाला होता, लाकूडओढीसाठी सुट्टी टाकून आलेला. मागच्या वर्षी गाव जिंकलं ते त्याच्या जोरावर. मनगट मोडलेलं असताना त्याने ओंडका सोडला नव्हता. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं होतं, आणि त्या एका दिवसावर पोरगं वर्षभर जगत होतं.

आदल्या दिवशी दुपारी समाजमंदिरात मॅडमनी पडदा लावला. पोरांनी मोबाईलवर काढलेली मागच्या काही वर्षांची चित्रणं त्यांनी गोळा केली होती आणि हरिओमने त्यावर ती रेघ बसवली होती. दोन्ही गावांची माणसं खाली दाटीवाटीने बसलेली. कुलदीपचं वर्ष आलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. मग चित्र थांबलं. लाकूड पाण्यात होतं, रेघेपासून चांगलं लांब, आणि मागे झाकणाचा दणदणाट ऐकू येत होता.

कुलदीप उठला. "म्हणजे आम्ही हारलो होतो?"

"रेघेप्रमाणे पाहिलं तर, हो," हरिओम म्हणाला. "नाल्याचा मध्य म्हणजे मुळातच पलीकडची हद्द. तुम्ही लाकूड अजून एकदाही तुमच्या हद्दीत आणलेलं नाही."

दरेगावच्या पोरांत एकच हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "आम्ही तर जन्मापासून जिंकतोय बे."

मॅडमचे डोळे चमकत होते. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "यात हरणं-जिंकणं नाहीच. जब्बारचाचा निकाल आलटूनपालटून देतात. दोन गावांनी मिळून जपलेलं हे एक सुंदर खोटं आहे." त्यांना वाटलं, त्या आमचं कौतुक करताहेत. मी कुलदीपकडे पाहत होते. लहानपणी त्याचा बैल वारला तेव्हा त्याचं तोंड असंच झालं होतं. त्याने गालावरून हात फिरवला आणि निघून गेला.

रात्रीच्या जेवणाच्या आत मोबाईलवर सुरू झालं. आमच्याकडच्या कोणा दीडशहाण्याने लिहिलं, शेवटी नाकेवाल्याचाच नातू, मोगलाईचंच खाणार. पलीकडून आलं, करंजवडीवाल्यांनी फुकटचे गुलाल उधळले, आता परत द्या. दोन राज्यं मिटून इतकी वर्षं झाली, आणि एका दुपारच्या खेळाने ती पुन्हा उभी राहिली. मला इतका संताप आला की मी गटातल्या चौघांना काढून टाकलं. त्यांनी दुसरा गट काढला.

सकाळी मी चाचांकडे गेले. अंगणातून पांढरी रेघ गेलेली, चूल एका जिल्ह्यात आणि पाण्याचा माठ दुसऱ्या. चाची त्यावरून झाडू मारायचा नाही म्हणून घाबरून कडेकडेने झाडत होती.

"चाचा, आज बाजेवर नका बसू," मी म्हटलं.

"काऊन?"

"पोरं बिथरून राह्यली."

त्यांनी डोळ्यांत सुरमा घातला, आरशात पाहिलं. "म्या नाई बसलो तं थांबवन कोन?"

मी गोपालला सांगून ठेवलं, काहीही झालं तरी चाचांवरची नजर हटवायची नाही. बाकी सगळं जाऊ दे, आज तेवढा माणूस धड घरी गेला पाहिजे.

लाकूड पाण्यात पडलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आज कोणी शिव्या देत नाहीये. एरवी दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या बहिणी-मेव्हण्यांचा उद्धार चालायचा, हसू यायचं. आज नुसता श्वासांचा आवाज. पहिली ओढ बसली आणि दरेगावच्या एकाचं नाक कोपराने फुटलं. त्याने ते पुसलंसुद्धा नाही. आमच्या एकाच्या पाठीवर पट्टा बसला, बकलाच्या बाजूने. मग वाळूतून दगड निघाले. आधी लपवून ठेवले होते, दोन्हीकडून. एका पोराचं तोंड उघडं होतं आणि त्यातून दात आणि रक्त एकत्र गळत होतं, पण हात लाकडावरच. कोणाचा तरी खांदा निखळल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. दोन्हीकडचे पोलीस शिट्ट्या मारत होते. पाणी आधी गढूळ झालं आणि नंतर लाल.

लाकूड आमच्या बाजूला सरकत होतं. कुलदीप टोकाला होता, कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्ताने मिटलेला. उघड्या डोळ्याने तो फक्त रेघेकडे पाहत होता. सगळेच रेघेकडे पाहत होते. म्हणून खाली कोण गेलं ते कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. उत्तमदादाचा धाकटा मुलगा, कुलदीपचा मामेभाऊ. उथळ पाण्यात पालथा, मानेवर ओंडका. कुलदीपचा गुडघा त्याच्या पाठीवर होता आणि कुलदीप जोर घेत होता.

झाकण वाजलं. "करंजवडीचं झालं." चाचांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "करंजवडीचं झालं, सोडा."

आम्हालाच दिलं होतं त्यांनी. आणि कोणी थांबलं नाही.

चाचा बाजेवरून उठले आणि झाकण वाजवत सरळ गर्दीत शिरले. गोपाल मागे धावला, पण मध्येच कोणीतरी त्याच्या पोटात लाथ घातली आणि तो वाकला. चाचा लाकडापर्यंत पोचले. झाकणाने लोकांच्या हातांवर मारत सुटले. "सोडा बे, पोरगं मरून राह्यलं. तुमचं झालं, जिंकले तुम्ही."

"नाई जिंकलो," कुलदीप ओरडला. "हे पाह्य, रेघ अजून लांब हाये. मले तुहं खोटं नाई पायजे."

चाचांनी त्याच्या दंडाला धरून खेचलं. कुलदीपने ते झाकण त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि त्यानेच त्यांच्या डोक्यात मारलं. एकदा. टोपी पाण्यात पडली. चाचा उभेच होते, त्यांनी हाताने डोकं चाचपलं, हात डोळ्यांसमोर धरला, आणि कुलदीपने दुसऱ्यांदा मारलं. या वेळी आवाज वेगळा आला. ते गुडघ्यावर बसले आणि मग कुशीवर आडवे झाले.

झाकण हातात आहे हे कुलदीपला तेव्हा कळलं. त्याने ते पाण्यात टाकून दिलं. लाकूड सुटलं. उत्तमदादाच्या पोराला दोघांनी ओढून वर काढलं, पाठीवर गुद्दे मारले, तेव्हा त्याने पाणी ओकलं आणि श्वास घेतला. चाचांनी नाही घेतला. नजमुन्निसाचाची अंगणातून धावत आली, वाटेत पडली, पुन्हा उठली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओढणीने दाबत राहिली, आणि ओढणी भिजून तिच्या मांडीवर लाल धार उतरली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पळालं कोणीच नाही. कदाचित पळून कुठे जायचं तेच सुचलं नाही. थोड्या वेळाने दोन गाड्या आल्या, एक इकडून, एक तिकडून. दोन ठाणेदार उतरले आणि दोघांनीही एकच प्रश्न विचारला, हद्द कोणाची. इतक्या पायांखाली फक्की केव्हाच मिसळून गेली होती.

आमचे लोक म्हणाले, "साहेब, तिकडं पडला."

दरेगावचे म्हणाले, "करंजवडीकडं पडला."

माझा भाऊ पुढे आला. शेजारी त्याचा पोरगा घोंगडीत थरथरत बसला होता. मी त्या पोराकडे बोट केलं आणि म्हटलं, "दादा, कोणासाठी मेले ते, तुला दिसत न्हाई का?"

त्याने मान खाली घातली. "माझ्या गावावर केस कामून घेऊ, कोकिळे? तुमच्याकडंच पडला तो."

जन्मभर ही दोन गावं जे असेल ते आपल्याकडे ओढत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघं मिळून ढकलत होती.

इकडच्या ठाणेदाराला हरिओमच्या यंत्राचं कोणीतरी सांगितलं. हरिओमला यंत्राचे पाय धड उभे करता येईनात. अनुपमा मॅडम वाळूत बसल्या होत्या, ओंजळीत चेहरा घेऊन. त्या एकदाच म्हणाल्या, "नको मोजूस, हरिओम." पण साहेबांनी मोजायला लावलं. त्याने यंत्रात पाहिलं, खाली पाहिलं, आणि सांगितलं की चाचा सरहद्दीच्या पलीकडे पडलेत. हातभर. जालना जिल्हा.

आमच्या गावाने सुटकेचा श्वास टाकला, मी तो ऐकला. गोपाल पोट धरून माझ्याजवळ आला आणि पुटपुटला, "गर्दीत कोणं मारलं, कोणी पाह्यलं नाई." म्हणजे त्यानेही पाहिलं होतं. कुलदीप चिंचेखाली बसला होता. बोटांवरचं रक्त तो वाळूने घासत होता. एका पोरासाठी आई काय काय गिळू शकते ते मला त्या क्षणी कळलं, कारण मी ते गिळत होते. घशापर्यंत गेलंही होतं.

तेवढ्यात नजमुन्निसाचाचीने मान वर केली. तिने मारणाऱ्याचं नाव विचारलं नाही. तिने दोन्हीकडच्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता तरी कोणी उचला याले. पान्यात पडून हाये ना माहा माणूस." एवढी माणसं होती, एकही पुढे झाला नाही, कारण जो उचलेल त्याच्या गावाचा तो होणार होता.

मी पाण्यात उतरले. चाचांच्या काखेत हात घातले. माणूस जड होता, एकटीने हलेना. मी ठाणेदारांकडे वळून म्हटलं, "साहेब, हे करंजवडीचे जब्बारचाचा. आमचा माणूस. आमच्या गावात मेला. लिहून घ्या."

"बाई, मोजणी तर..."

"मी सरपंच हाये. मी सांगून राह्यली ना."

"मारलं कोणी?"

गोपालने माझा दंड धरला. ज्या माणसाला चाचांनी याच पाण्यातून काढून दिलं होतं तो माझा दंड धरून उभा होता, आणि ज्या पोराचं नाव मी घेणार होते ते चाचांमुळेच जन्मलेलं होतं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"माह्या पोरानं," मी म्हटलं. "कुलदीपनं."

कुलदीप उठून उभा राहिला. लहान मूल चूक दुरुस्त करून सांगतं त्या आवाजात तो म्हणाला, "आई, यंत्र तं तिकडचं दाखवून राह्यलं."

"ये इकडं," मी म्हटलं. "पाय धर चाचांचे."

तो आला. त्याने पाय धरले, मी खांदे धरले. आम्ही दोघांनी चाचांना नाल्यातून वर आणलं, त्यांच्या अंगणात, त्यांच्याच बाजेवर ठेवलं. मग मी त्याचं मनगट धरून त्याला गाडीपर्यंत नेलं. मागच्या वर्षी मोडलेलं तेच मनगट होतं, आणि मी फार घट्ट धरलं असावं, कारण तो म्हणाला, "आई, दुखून राह्यलं." मी सैल केलं नाही.